महापालिकेच्या शाळेत पोर किती शिकलं, हे विचारायचं कोणाला?

घणसोलीची आई · शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी पाचवीत आहे, नवी मुंबईतल्या महापालिकेच्या एका मराठी शाळेत. जूनमध्ये तिला सोडायला गेले तेव्हा बाईंनी रजिस्टर पुढे केलं, "ताई, इथे एक सही करा." केली. कामाला उशीर होत होता, वाचलंही नाही. गणपतीच्या आसपास कळलं की मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे.

आता खरं कारण. दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या वर्गातला शेजारचा मुलगा आमच्याकडे खेळायला आला होता. घरात दुसरीचं जुनं बालभारतीचं पुस्तक पडलं होतं. सहज म्हटलं, वाच बघू. त्याने चित्रं बघून अख्खी गोष्ट सांगितली, इतकी छान की मला आधी कळलंच नाही. मग एका ओळीवर बोट ठेवलं तर गप्प. जोडाक्षर आलं की थांबतो. आणि प्रगतिपुस्तकात भाषेला ब-१, म्हणजे बरी श्रेणी.

शाळा वाईट आहे असं मी म्हणत नाही. इमारत चार मजली, पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी, बाई प्रेमळ. माझी लेक वाचते, कारण रात्री मी तिला घेऊन बसते. पण त्या पोराची आई दोन पाळ्यांत काम करते. तिने विचारायचं कोणाला? मुख्याध्यापकांना, नगरसेवकाला, शिक्षणाधिकाऱ्यांना? आणि मी त्या समितीत आहे तर माझं काम नक्की काय?

---

सडेतोड · शनिवार, रात्री ११.४२

फुकट मिळतं तिथे दर्जा कसा मिळणार? आम्ही मालमत्ता कर भरतो, त्यात शिक्षण कर वेगळा घेतात. वर स्वतःच्या मुलांची लाखभर फी भरतो. म्हणजे दोनदा पैसे. हिशोब आम्ही मागायला हवा.

---

आकडेमोड · रविवार, सकाळी ८.०५

सडेतोडराव, बिल नीट वाचा. 'राज्य शिक्षण कर' म्हणून जी ओळ असते, ती रक्कम महापालिका फक्त गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. १९६२चा कायदा आहे, रोजगार हमी करही त्यातच येतो. त्या पैशातून तुमच्या शेजारच्या शाळेचा फळा रंगवला जात नाही. निम्म्या शहराचा हा गैरसमज आहे, त्यामुळे रागावत नाही.

मग महापालिकेची शाळा चालते कशावर? सर्वात मोठा वाटा महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. प्राथमिक शाळा चालवणं हे १९४९च्या महानगरपालिका अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. शिक्षकांच्या पगाराचा काही भाग राज्य अनुदान म्हणून देतं. तिसरा झरा समग्र शिक्षेचा. ही योजना २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान वगैरे एकत्र करून आली, त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. पोषण आहाराचा तांदूळ केंद्राकडून येतो, पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम, पुढे १५०.

पैसा नाही ही रड नवी मुंबईत चालणार नाही. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले कारखाने, महापेचे आयटी पार्क, एपीएमसीची घाऊक बाजारपेठ, एवढा करदाता क्वचित एखाद्या शहराला मिळतो. प्रश्न आहे तो पैसा कोणत्या रकान्यात दिसतो याचा. अंदाजपत्रकाच्या भाषणात 'शिक्षणासाठी भरीव तरतूद' ऐकून टाळ्या वाजवू नका. तीन आकडे शेजारी ठेवा: मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च. पहिला मोठा असतो, तिसरा लाजतो. मी दर वर्षी हा खेळ खेळतो, बायको म्हणते दुसरा छंद शोधा.

आणि इमारत बांधली की तो खर्च दिसतो, उद्घाटन होतं, फीत कापतात. पाचवीच्या पोराला जोडाक्षर आलं म्हणून फीत कापलेली मी तरी पाहिली नाही.

---

खारघरी · रविवार, सकाळी ९.३०

वाचतोय. बारीक शंका: मी खारघरचा. पत्त्यात नवी मुंबई लिहितो, कर पनवेल महापालिकेला भरतो. आमच्याकडच्या मराठी शाळेवर अजून 'रायगड जिल्हा परिषद' लिहिलेलं पाहिलंय. मग मालक कोण?

---

आकडेमोड · रविवार, सकाळी ९.४४

@खारघरी, तुमची गंमतच आहे. पनवेल महापालिका ऑक्टोबर २०१६ची. हद्द वाढली, पण त्या हद्दीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचं हस्तांतर वर्षानुवर्षं रखडलं. गटार एकाचं, शाळा दुसऱ्याची. तक्रार घेऊन गेलात की दोन्हीकडे चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

---

निवृत्त गुरुजी · रविवार, दुपारी ४.१५

घणसोलीच्या ताई, पहिल्यांदा तुमचं अभिनंदन. पुस्तक हातात देऊन ओळीवर बोट ठेवायला लावलंत ना, ती खरी परीक्षा. आमच्या वेळचे विस्तार अधिकारी असंच करायचे. वही बघायचे नाहीत, पोराला उभं करायचे.

थोडं मागचं सांगतो, कारण नवीन मंडळींना वाटतं ही शाळा महापालिकेने आकाशातून आणली. १ जानेवारी १९९२ ला महापालिका झाली. त्याआधी इथल्या शाळा ठाणे जिल्हा परिषदेच्या, गावठाणातल्या. घणसोली, गोठिवली, तळवली, बोनकोडे, शिरवणे, करावे. कौलारू खोल्या, आगरी-कोळ्यांची पोरं. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, नोड (वसाहती) आखले तेव्हा शाळांचे भूखंड काढले, पण ते बहुतांशी खासगी संस्थांना गेले. साहेबाचं पोर तिकडे, गावातलं इकडे. मग माथाडी आले, कोपरखैरणे-घणसोलीत सातारा-सांगलीकडची कुटुंबं आली. दगडखाणींवर मराठवाडा, कर्नाटकातून मजूर आले. तुर्भे, दिघा इकडे हिंदी भाषक वाढले. म्हणून आज याच महापालिकेला मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी चारही माध्यमं चालवावी लागतात. राज्यभर सरकारी शाळांचा पट घटतोय म्हणून ओरड आहे. मी शेवटी होतो त्या शाळेत उलट बाकावर तिसरं पोर बसवायची वेळ यायची.

या पोरांची दोन घरं. शिमगा झाला की खाणीवरची मुलं गावाला पळतात, वार्षिक परीक्षेला बाकं रिकामी. जूनमध्ये येत नाहीत, जुलैच्या मध्यावर उगवतात. तीन महिन्यांत शिकलेलं धुऊन जातं. खासगी शाळेच्या निकालाशी आमची तुलना करताना एवढं लक्षात घ्या.

आता कारभाराचं. आयुक्त, त्यांच्याखाली शिक्षण विभागाचे उपायुक्त, मग शिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि तळाला मुख्याध्यापक. शिक्षणाधिकारी बहुतेकदा राज्याच्या सेवेतून प्रतिनियुक्तीवर येतात. शाळांची नावं पाठ होईपर्यंत बदलीची ऑर्डर. पूर्वी महापालिकांना शिक्षण मंडळं असत, १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली. त्यात राजकारण होतं, ठेके होते, मी काही त्यांची आरती ओवाळणार नाही. पण सभापतीच्या दारात जाऊन आरडाओरडा करता यायचा. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मंडळं गेली आणि त्यांच्या जागी सगळी भिस्त कोणावर? तुमच्या त्या समितीवर. रजिस्टरातल्या सहीवर.

---

कोपऱ्यातला · रविवार, दुपारी ४.५०

गुरुजींना दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा.

---

एडिसनहून परत · रविवार, रात्री ९.१०

मी बारा वर्षं न्यू जर्सीत होतो, आता ऐरोलीत. (हो, आता 'तिकडे असं नसतं' सुरू होणार. शिव्या घालायला मोकळे.)

तिकडे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे महापालिकेचा एक विभाग नव्हे, स्वतंत्र कारभार. आमच्या गावात नऊ जणांचं शिक्षण मंडळ, लोकांनी निवडलेलं, मुदत तीन वर्षं. घरपट्टीच्या बिलात शाळेचा भाग वेगळा छापलेला आणि तो बिलाच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून शेजारचा म्हातारा, ज्याची नातवंडंही शाळेत नाहीत, तोसुद्धा सभेला येऊन विचारायचा की तिसरीचं वाचन का घसरलं. शाळेची पत गेली की त्याच्या घराची किंमत उतरते.

पण याचीच दुसरी बाजू वाईट. घरं महाग तिथे कर जास्त, कर जास्त तिथे शाळा चांगली, म्हणजे गरिबाच्या गावात गरीब शाळा. न्यू जर्सीत यावर 'अ‍ॅबट' नावाचा खटला गाजला. १९८५ पासून निकालांवर निकाल आणि अखेर न्यायालयाने राज्याला बजावलं की गरीब डिस्ट्रिक्टना श्रीमंतांच्या बरोबरीने पैसा द्या. त्या बाबतीत आपलं बरं आहे: पाम बीच रोडवरच्या फ्लॅटचा कर आणि दिघ्याच्या चाळीतली शाळा एकाच तिजोरीत. फक्त पाम बीचवाल्याला ती शाळा कुठे आहे हेही माहीत नाही.

---

सडेतोड · रविवार, रात्री ९.३२

म्हणजे माझ्यासारख्याचंच चुकलं म्हणा ना सरळ.

---

एडिसनहून परत · रविवार, रात्री ९.४०

तुमचं एकट्याचं नाही हो, माझा मुलगाही खासगी शाळेतच आहे.

---

मानधनावरची · सोमवार, रात्री १२.२५

नाव सांगत नाही, शिक्षिका आहे, ठोक मानधनावर. गाव आणि शाळाही विचारू नका.

ताई, त्या मुलाच्या ब-१ बद्दल मी सांगते. आमच्याकडे आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन असतं. आकारिकात तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम असे बरेच गुण असतात. गोष्ट छान सांगणाऱ्या मुलाला त्यात भरपूर मिळतात, आणि ते खोटे नसतात. त्याला खरंच गोष्ट येते. पण 'वाचता येतं का' हा वेगळा प्रश्न आणि तो गुणांच्या बेरजेत हरवतो.

आणि असं समजू नका की आम्ही मोजत नाही. राज्याची नियतकालिक चाचणी होते, पॅट म्हणतात तिला. भाषा, गणित, इंग्रजी. पेपर राज्यातून येतात, तपासतो आम्ही, गुण चॅटबॉटवर भरतो. एक एक मुलाचे. म्हणजे कोणाला काय येत नाही हे वरच्या पडद्यावर आहे. फक्त ते शाळेच्या गेटपर्यंत परत येत नाही. पालकसभेत त्याबद्दल बोलायचं कोणाला सुचतही नाही.

शिक्षक किती मिळणार हे संच मान्यतेवर ठरतं, म्हणजे पट मोजून सरकार पदं मंजूर करतं त्यावर. पहिली ते पाचवी तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी पस्तीस. ऐकायला छान. पण मूल मोजलं जातं आधार जुळलं तर. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलीचं नाव जनरल रजिस्टरला ऱ्हस्व, आधारवर दीर्घ. तिची आई तीनदा सुट्टी पाडून केंद्रावर गेली. तोपर्यंत ती पोर वर्गात बसत होती, डबा खात होती, पण हिशोबात नव्हती. अशी चार-पाच मुलं कमी भरली की एक पद उडतं. ते पद उडालं की दोन तुकड्या एकत्र. मग जोडाक्षरं कोण घेणार बसून?

वर बीएलओची, म्हणजे मतदार नोंदणीची कामं, याद्या, सर्वे. झोपते आता. सकाळची पाळी आहे.

---

निवृत्त गुरुजी · सोमवार, सकाळी ७.१०

बाई, तुम्ही रात्री बारा वाजून गेल्यावर हे लिहिलंत यातच सगळं आलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम द्यायला बंदी आहे. निवडणुकीबाबतही २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिकवण्याच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळात शिक्षकाला जुंपू नका. पण आदेश आला की मुख्याध्यापक हा निकाल दाखवत बसत नाही, शिक्षक पाठवून मोकळा होतो. मीही पाठवले आहेत.

---

ठाणेकर काका · सोमवार, सकाळी १०.००

निकालाबद्दल थोडं. मुलांना वाचता-मोजता येतं का हे पाहणारा 'असर'चा अहवाल दर वेळी वर्तमानपत्रात गाजतो, पण तो ग्रामीण भागाचा. त्यात ना ठाणे शहर, ना नवी मुंबई. केंद्राचं राष्ट्रीय सर्वेक्षण नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, मग डिसेंबर २०२४ मध्ये 'परख' नावाने तिसरी, सहावी, नववीचं. पण त्याचे आकडे जिल्ह्याचे. आमच्या जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, मीरा-भाईंदर, नवी मुंबई अशा महापालिका, शिवाय शहापूर-मुरबाडचे पाडे, आणि शाळा सरकारी, अनुदानित, खासगी सगळ्या. एका पातेल्यात कालवून काढलेल्या त्या सरासरीवरून तुमच्या घणसोलीच्या वर्गाबद्दल काय कळणार? डोंबल.

---

तुर्भे स्टोअरचा · सोमवार, दुपारी १.३५

सडेतोड यांच्या 'फुकट' शब्दावर बोलायचं होतं. मी महापालिकेच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो. आई चार घरची धुणीभांडी करायची. आज महापेला नोकरी करतो, फ्लॅटचं कर्ज फेडतो आणि मालमत्ता करही भरतो, त्याच बिलातला. आम्हाला फुकट काही मिळालं नाही, आईने ते आगाऊ भरलं होतं.

पण खरं बोलायचं तर माझ्या वर्गातले निम्मे आठवीतसुद्धा अडखळत वाचायचे. तेव्हा नापास करत नव्हते. आता पाचवी-आठवीला परत परीक्षा आणली आहे, नापास झालं तर पुन्हा संधी. मला ते पटत नाही. पाचवीत अडवून काय होणार, बुडायला तर तो दुसरीत लागलेला असतो.

---

सडेतोड · सोमवार, दुपारी २.०२

शब्द मागे घेतो. राग धरू नका.

अवांतर: सीवूड्सला आणि कोपरखैरण्याला महापालिकेनेच सीबीएसई शाळा काढल्यात, तिथे म्हणे प्रवेशाला सोडत लागते. मग पैसा आणि पालक दोन्ही येतात ना महापालिकेच्या शाळेत?

---

आकडेमोड · सोमवार, दुपारी २.४०

येतात, आणि आनंद आहे. पण जो पालक प्रश्न विचारू शकतो तोच सोडतीच्या रांगेत उभा राहतो, म्हणजे जुन्या मराठी-हिंदी शाळांतून आवाज आणखी कमी. यावर भांडण होईल, मी तयार आहे.

आवाजावरून आठवलं. मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतरची कित्येक अंदाजपत्रकं आयुक्तांनी प्रशासक म्हणून मांडली आणि स्वतःच मंजूर केली. ठाण्यात मार्च २०२२ पासून तेच. आयुक्त प्रामाणिक असतील, हुशार असतील, पण समोरून 'ओ साहेब, गेल्या वर्षीचे का नाही खर्चले?' असं ओरडणारा बाक रिकामा होता. तोवर कायद्याने निवडलेले, प्रश्न विचारायचा हक्क असलेले लोक महापालिकेच्या कारभारात फक्त शाळा समित्यांत होते. हसू नका, खरं आहे.

ताई, तुमचं काम विचारलं होतंत ना. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ आणि २२ वाचा. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. बैठक दर महिन्याला. मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं आणि शाळा विकास आराखडा करणं हे तुमचं काम. आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. समग्र शिक्षेचं संयुक्त अनुदान पटावर असतं: अडीचशेच्या वर आणि हजाराच्या आत पट असेल तर ७५ हजार, हजाराच्या वर १ लाख, त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर. मोठी रक्कम नाही. पण ती तुमच्या समितीच्या ठरावाने खर्च व्हायला हवी. ठरावाचं इतिवृत्त मागा. भांडू नका, फक्त मागा.

---

मानधनावरची · सोमवार, रात्री ११.५०

आणि पॅटचा वर्गनिहाय निकाल पण मागा ताई. मुलांची नावं नकोत, नुसतं किती जणांना वाचता येत नाही एवढंच. आम्हाला पण बरं वाटेल कोणी विचारलं तर.

---

घणसोलीची आई · तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०.४०

सगळ्यांचे आभार. धागा वर काढतेय.

बैठक झाली. नोटीस नव्हती, मीच मुख्याध्यापकांना म्हटलं घ्या. चौदा जणांपैकी पाच आलो, चार बायका आणि एक रिक्षावाले दादा. त्यांची रिक्षा गेटवर उभी, दर पाच मिनिटांनी डोकावून बघत होते. सर आधी जरा कावरेबावरे झाले, मग त्यांनीच कपाटातून आराखडा काढला. गेल्या वर्षीचा. त्याआधीच्या वर्षीचाही निघाला. दोन्ही शेजारी ठेवले तर शब्दशः तेच, फक्त साल बदललेलं. एका ठिकाणी बदलायचंही राहिलं होतं. मागणी पहिल्या क्रमांकावर: मुलींच्या स्वच्छतागृहाचा दरवाजा. दरवाजा आता आहे, पण तो मागच्या वर्षीच बसलाय म्हणे, म्हणजे आम्ही असलेला दरवाजा परत मागत होतो.

पॅटचं विचारलं. सर म्हणाले, "आजवर कोणी विचारलं नव्हतं." वर्गशिक्षिकेला बोलावलं, तिने स्वतःच्या डायरीतून वाचून दाखवलं. माझ्या लेकीच्या वर्गात अडतीस मुलं. अकरा जणांना परिच्छेद वाचता येत नाही. बाईंना अकराही नावं पाठ होती, बघावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, शाळा सुटल्यावर पाऊण तास घेऊन बसायची माझी तयारी आहे, पण दुपारच्या पाळीला खोली रिकामी नसते.

मग आम्ही पाच जणांनी आराखड्यात पहिली ओळ लिहिली: त्या पाऊण तासासाठी जागा. वाचनालयाच्या खोलीत जुने बाक आणि फुटके संगणक भरलेत, ती रिकामी करायची. रिक्षावाले दादा म्हणाले, बाक मी नेऊन टाकतो, पण कुठे टाकायचे ते सांगा. त्यावर सर म्हणाले, शासकीय मालमत्ता आहे, निर्लेखन करावं लागेल, म्हणजे नोंदीतून काढावं लागेल, त्याला वरून परवानगी.

अर्ज टाकलाय. शेजारचा मुलगा तोपर्यंत संध्याकाळी आमच्याकडे येतो, साडेसात ते सव्वाआठ. परवा 'स्वच्छ' वाचलं.

---

निवृत्त गुरुजी · रविवार, सकाळी ११.०५

अर्जावर आवक क्रमांक घेतलात का? नसेल तर उद्या सकाळी जाऊन शिक्का मारून आणा. आणि ठरावाची नक्कल स्वतःजवळ ठेवा, शाळेच्या कपाटात नको.

---

घणसोलीची आई · रविवार, सकाळी ११.०९

नक्कल घेतली गुरुजी. शिक्का राहिला. उद्या हाफ डे टाकते.